डावखुऱ्यांची कार्डं आणि दीड हजार डॉलर

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करतो (आपल्या बोलिंगसारखं), डावखुरा आहे. ऑफिसातला एक सहकारी जुनी बेसबॉल कार्डं जमवतो. तो सारखा मागे लागलाय, "सर्वकालीन महान खेळाडूंची काही कार्डं अजून फार स्वस्तात मिळतात. आत्ता घेऊन ठेव, पोराच्या कॉलेजपर्यंत दामदुप्पट." मी बोनसमधले दीड हजार डॉलर बाजूला काढलेत. यात मिकी मँटल या जुन्या, प्रसिद्ध खेळाडूचं एकच कार्ड घ्यावं, की चारपाच जणांची? नक्की कोण स्वस्त आहे आणि का? बायकोचं म्हणणं, एवढ्यात सोन्याचं नाणं आलं असतं, ही रद्दी कशाला. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल पोरामुळे शिकतोय.

– एक बाबा, एडिसन

उत्तर

नमस्कार,

आधी वहिनींच्या बाजूने बोलते, म्हणजे त्या पुढचं वाचू देतील. कॉलेजसाठी पैसे साठवायचे असतील तर ते ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणाच्या बचत खात्यात टाका. कार्डं हा त्यावरचा उपाय नाही. दामदुप्पट वगैरे बोलणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला एकदा विचारा, गेल्या पाच वर्षांत त्याने किती कार्डं विकली. घेतली किती ते विचारू नका, ते तो न विचारता सांगेल. विकायला गेलं की दुकानदार बाजारभावाचा जेमतेम अर्धा-पाऊण देतो. ईबेवर विकलंत तर तेरा टक्क्यांच्या आसपास त्यांचं कमिशन, वर पोस्टेज. शिवाय अशा संग्राह्य वस्तू वर्षभर ठेवून विकल्या, तरी नफ्यावर अमेरिकन आयकर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शेअर्सना मिळते ती सवलत इथे नाही. तेव्हा दामदुप्पट झालं तरी हातात दाम किती आणि दुप्पट किती, हे कागदावर मांडून बघा.

पण दीड हजार बोनसमधले आहेत, पोरगा डावखुरा आहे आणि तुम्हाला खेळ शिकायचाय. या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील तर घ्या. गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खायची.

आता तुमचा खरा प्रश्न. महान असून स्वस्त कोण, आणि का?

सहकारी म्हणतो त्यात तथ्य आहे, फक्त त्याने कारण सांगितलं नाही. कार्डांचा बाजार खेळाडूची कर्तबगारी मोजत नाही, गोष्ट मोजतो. शहर कोणतं, टीम कोणती, माणूस देखणा होता का, अकाली गेला का, ऐन भरात असताना खेळ सोडला का. यातलं काहीच नसेल तर वीस वर्षं मान खाली घालून उत्तम खेळलेल्या माणसाचं कार्ड स्वस्तच राहतं. आपल्याकडचं बघा ना. विजय हजारेंच्या नावाची ट्रॉफी दरवर्षी खेळली जाते, १९४८ साली ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, पण त्यांचा फोटो दाखवला तर आपल्या मंडळात किती जण ओळखतील?

तुमच्या मुलाच्या निमित्ताने दोन डावखुरे पिचर शेजारी ठेवते. पहिला सँडी कोफॅक्स. लॉस एंजेलिसचा, तीन वेळा साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं), चार नो-हिटर (समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट, म्हणजे बेसपर्यंत पोचवणारा फटका, मिळू न देणं). १९६५ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, पहिली मॅच योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आली म्हणून तो ती खेळलाच नाही. पुढच्या वर्षीचा सीझन संपल्यावर हाताच्या दुखण्यामुळे तिसाव्या वर्षी निवृत्त. एकूण विजय १६५ (टीमने जिंकलेली मॅच एका पिचरच्या नावावर लागते). दुसरा वॉरन स्पॅन. एकूण विजय ३६३. डावखुऱ्या पिचरने याहून जास्त मॅच आजवर जिंकलेल्या नाहीत. तेरा सीझनमध्ये वीस किंवा त्याहून जास्त विजय. आणि हे सगळं तीन वर्षं सैन्यात घालवून. १९४२ साली तो चार मॅचमध्ये उतरला, एकही जिंकला नाही, मग युद्धावर गेला, दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत होता. मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, पहिला विजय १९४६ साली मिळाला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. कोफॅक्सने खेळ सोडला त्याहून नऊ वर्षांनी मोठा असताना, १९६० साली, स्पॅनने पहिली नो-हिटर टाकली. दुसरी त्याच्या पुढच्याच वर्षी, चाळिशीत.

आता दोघांची एकाच वर्षाची, एकाच अवस्थेतली टॉप्स कंपनीची कार्डं ईबेवर काढून बघा, उदाहरणार्थ १९५९ ची. कोफॅक्स कितीतरी पट महाग निघेल. मी कोफॅक्सच्या विरोधात नाही, त्याच्या त्या चारपाच वर्षांसारखी पिचिंग क्वचितच कोणी केली असेल. पण कोफॅक्सला गोष्ट होती आणि लॉस एंजेलिस होतं. स्पॅन होता मिलवॉकीत, नाक मोठं, चेहरा शेजारच्या काकांसारखा, आणि दरवर्षी वीस मॅच जिंकायचा. दरवर्षी तेच होत असेल तर बातमी कसली?

मला हा नाद लागला तोही स्पॅनमुळे. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाच्या वर्षी, वर्ल्ड सिरीजच रद्द झाली तेव्हा, आमच्या शेजारच्या आजोबांनी चिडून बुटाचं एक खोकं माझ्या मुलाच्या हातात दिलं. "घे, मला आता या लोकांचं तोंड बघायचं नाही." खोक्यात शंभरेक कार्डं होती. मुलाने दोन दिवसांत त्यांचे पत्त्यांचे बंगले केले. मी जेवणाच्या टेबलावरून ती गोळा करताना एक कार्ड उलटं करून वाचलं. मागे गमच्या पट्टीचा तपकिरी डाग होता, कारण तेव्हा ही कार्डं च्युइंगमच्या पाकिटात यायची, आपल्या बिग फनमध्ये क्रिकेटची चित्रं यायची तशीच. डागाच्या खाली बारीक अक्षरांत विजयांचे आकडे एकाखाली एक: २०, २१, २२, २१, २१. मला बेसबॉलचं ओ का ठो कळत नव्हतं, पण हा माणूस नेमाने कामावर जाणारा आहे एवढं कळलं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. डागासकट.

तर स्पॅन घ्या. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९६५ पर्यंतची त्याची टॉप्सची कार्डं, मधल्या अवस्थेतली, कुटुंबाला एकदा बाहेर जेवायला नेण्याच्या खर्चात मिळतात. त्याचं रूकी कार्ड, म्हणजे अगदी पहिलं, १९४८ च्या बोमन कंपनीच्या सेटमध्ये आहे, काळंपांढरं आणि छोटंसं. तेही त्या मानाने आवाक्यातलं आहे.

दुसरा स्टॅन म्यूझियल. हा बॅट्समन, डावखुरा. पण सुरुवात मायनर लीगमध्ये डावखुरा पिचर म्हणूनच झाली होती. १९४० साली खांद्याला मार बसला आणि पिचिंग संपली. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा, पिचिंग कोच ओरडतील त्या दिवशी उपयोगी पडेल. पुढे बावीस सीझन एकाच टीमसाठी, सेंट लुईस कार्डिनल्ससाठी. सात वेळा बॅटिंगचा किताब, तीनदा एमव्हीपी (वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू), ३,६३० हिट्स. त्यातल्या १,८१५ घरच्या मैदानांवर आणि १,८१५ बाहेर. ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं. एवढं असूनही मँटल, मेज, विल्यम्स ही नावं आधी घेतली जातात आणि म्यूझियल चौथा-पाचवा येतो, कारण तो मिसिसिपीच्या काठी होता, न्यूयॉर्कला नव्हता, आणि भांडणं करत नव्हता.

म्यूझियलच्या बाबतीत एक खाचखळगा आहे आणि मी त्यात स्वतः पडलेय. नाद लागल्याच्या दुसऱ्या वर्षी एका फ्ली मार्केटमध्ये मी १९५५ चं टॉप्सचं म्यूझियल कार्ड चाळीस डॉलरला घेतलं. घासाघीस करून साठाचे चाळीस केले म्हणून घरी येईपर्यंत खुशीत होते. आजोबांना दाखवलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. १९५५ चं टॉप्सचं म्यूझियल कार्ड निघालेलंच नाही! १९५४ पासून चार वर्षं त्याचा टॉप्सशी करार नव्हता. बोमनकडेही १९५३ नंतर तो नाही. शेवटी १९५८ साली टॉप्सने त्याला ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, कार्डावर आणलं. म्हणजे मला विकलेलं कार्ड कोणीतरी घरी बसून तयार केलेलं होतं. तेव्हा कार्ड घेण्याआधी त्या वर्षाच्या सेटची यादी बघा, ती फुकट मिळते. १९५९ ते १९६३ चा म्यूझियल बिनधास्त घ्या.

तिसरा स्टीव्ह कार्लटन, ३२९ विजय, चार साय यंग. त्याचं १९६५ चं रूकी कार्ड महाग पडेल, आणि त्या कार्डावर त्याच्या शेजारी दुसराच एक खेळाडू आहे. १९६६ साली टॉप्सने त्याचं कार्डच काढलं नाही. मी तुम्हाला १९७३ चं घ्यायला सांगेन, अगदी थोड्या डॉलरचं. कारण त्याच्या मागच्या बाजूला १९७२ ची ओळ आहे: २७ विजय, १० पराभव. त्या वर्षी फिलाडेल्फियाची अख्खी टीम ५९ मॅच जिंकली होती. ५९ पैकी २७ एकट्याने! बाकीचे पिचर काय करत होते ते त्या कार्डावर लिहिलेलं नाही.

रँडी जॉन्सन मुलाला आवडेल, सहा फूट दहा इंचांचा आहे म्हणून. त्याची १९८९ ची रूकी कार्डं मातीमोल आहेत, पण त्याचं कारण वेगळं. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून चारपाच वर्षं कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की त्या काळाला जंक वॅक्सच म्हणतात, म्हणजे मेणकागदात गुंडाळलेली रद्दी. लोकांनी वडिलांच्या पिढीची कार्डं लाखाला जाताना पाहिली आणि नवी पेट्यांनी घेऊन बेसमेंटमध्ये ठेवली. सगळ्यांनी ठेवली, म्हणून कोणाचीच वर गेली नाहीत. बॅरी बाँड्सचं १९८७ चं टॉप्स, ग्रेग मॅडक्सचं १९८७ चं डॉनरस कंपनीचं, हे सगळं आज शाळेच्या कँटीनच्या भावात मिळतं. बाँड्स ७६२ होम रनचा (आपल्या सिक्सरसारखा फटका) आणि मॅडक्स ३५५ विजयांचा मानकरी आहे, तरीही. ही कार्डं स्वस्त आहेत आणि स्वस्तच राहणार. पण घ्यायची म्हणून घ्या, दहा डॉलरमध्ये अख्खी दुपार जाते. रँडीचं फ्लीअर कंपनीचं १९८९ चं कार्ड बघताना मुलाला भिंग द्या. फोटोत त्याच्या मागच्या फलकावर मार्लबोरो सिगारेटची जाहिरात आहे. पोरांच्या कार्डावर सिगारेट कशी चालेल म्हणून कंपनीने छपाईच्या दरम्यान ती टप्प्याटप्प्याने झाकत नेली. त्यामुळे एकाच कार्डाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. तुमच्या हातातली कोणती, हे ओळखण्यात पोरं तासन्‌तास रमतात.

आणि पैसे उरले तर डावखुरा पिचर लेफ्टी ग्रोव्ह, १९३३ चं गाउडी कंपनीचं. यासाठी काही शे डॉलर मोजावे लागतील, आणि तेवढ्यातही कोपरे झिजून गोल झालेलं, मळकट कार्डच हाती येईल. नव्वद वर्षं जुन्या जाड पुठ्ठ्यावर रंगवलेलं चित्र, हातात धरलं की टॉप्सची सगळी कार्डं आधुनिक वाटायला लागतात. ग्रोव्हने बरोबर ३०० मॅच जिंकल्या आणि नऊ वेळा लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए, म्हणजे दिलेल्या धावांची सरासरी, राखला. त्याच सेटमध्ये बेसबॉलची दंतकथा झालेल्या बेब रूथची चार कार्डं आहेत. त्यांच्या किमती बघाल आणि मग ग्रोव्ह फुकट वाटेल.

उजवे खेळाडू आज सोडून देते, नाहीतर फ्रँक रॉबिन्सनवर आणखी एक सदर लिहावं लागेल. एवढंच सांगते, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीगमध्ये एमव्हीपी झालेला तो पहिला, ५८६ होम रन, म्हणजे मँटलपेक्षा पन्नास जास्त. भाव मात्र मँटलच्या जवळपासही नाही.

मँटलबद्दल विचारलंय म्हणून. ज्या कार्डाचं नाव तुम्ही ऐकलंय ते १९५२ चं टॉप्स, त्याची एक प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. गंमत म्हणजे ते त्याचं रूकी कार्डही नाही, ते १९५१ चं बोमन. दीड हजारात १९५२ चं फाटकंही येणार नाही. कोणी देत असेल तर पळा. १९६० च्या दशकातला मँटल येईल, नीटनेटका. वाईट खरेदी नाही, विकायला सगळ्यात सोपं कार्ड तेच. पण स्वस्त ते नव्हे. त्याच्या गोष्टीची पूर्ण किंमत भरून तुम्ही ते घेणार, आणि घरी एकच कार्ड, तेही उजव्या हाताने बॉल फेकणाऱ्याचं. तुमच्या पोराला मी ओळखत नाही, पण माझ्या मुलाने ते दोनदा पाहून ठेवून दिलं असतं.

आता घ्यायचं कसं. पीएसए आणि एसजीसी या कंपन्या कार्ड तपासतात, एक ते दहा असा ग्रेड देतात आणि टणक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. त्याला स्लॅब म्हणतात. किंमत शेकड्यात असेल तर स्लॅबमधलंच घ्या, कडा कापून सरळ केलेली किंवा रंग भरलेली कार्डं नवशिक्याला ओळखू येत नाहीत. मलाही कधीकधी येत नाहीत. वीस-तीस डॉलरचं कार्ड उघडं घ्यायला हरकत नाही, कारण त्याला ग्रेड लावायची फीच तेवढी पडते. आणि ग्रेडच्या आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. माझ्याकडे १९६१ चे दोन स्पॅन आहेत. पाच ग्रेडचा आहे त्याचं चित्र एका बाजूला सरकलेलं, डावीकडे कड जवळजवळ नाहीच. तीन ग्रेडचा आहे त्याच्या मागे पेन्सिलने कोणीतरी 'जे' लिहिलंय, पुढून मात्र रंग ताजे, चित्र मधोमध. तीनवाला निम्म्या पैशात आला आणि पाहुण्यांना मी तोच दाखवते. असे पाठीवर डाग, पेन्सिलची खूण, गमची पट्टी असलेले तीन-चार ग्रेडचे शोधा. दीड हजारात डावखुऱ्यांचा देखणा संच होईल आणि निदान पाचशे उरतील. ते उरवाच. पहिल्या महिन्यात सगळे पैसे संपवणारा माणूस दुसऱ्या महिन्यात चांगलं कार्ड समोर आलं की बायकोचं तोंड बघतो.

भाव बघताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत नको, ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचं बटण दाबून तिथली बघा. दोन-तीन महिन्यांतल्या पाच विक्री पाहिल्या की अंदाज येतो. रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये कार्ड शो भरतात, तिथे दुपारी उशिरा जा. सामान गाडीत परत भरायचा कंटाळा आलेला विक्रेता आपल्या कामाचा. घासाघीस तिथे चालते, लाजायचं कारण नाही, फक्त नोटा रोख न्या. मुलाला बरोबर न्या आणि एक व्यवहार त्याला करू द्या.

घरी आणल्यावर बेसमेंटमध्ये नको. जर्सीच्या बेसमेंटमधली ओल पुठ्ठ्याला पापडासारखी वाकवते. पोटमाळ्यावरही नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. कपड्यांच्या कपाटात, बुटाच्या खोक्यात. आजोबा बरोबर होते.

वहिनींना एकच सांगा. तुमच्या सहकाऱ्याचा 'अजून स्वस्त आहे' हा मुद्दा उलटाही वाचता येतो. स्पॅन आज स्वस्त आहे, मी नाद धरला तेव्हाही त्याच्या तोडीच्या लोकांपेक्षा स्वस्तच होता. ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं ती माणसं आता एकेक करून जात आहेत, आणि आजच्या पोरांच्या तोंडी ओतानी आहे. भाव वर जाईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सोन्याचं नाणं जास्त सुरक्षित आहे, यात वाद नाही. फक्त नाणं मुलाला दाखवून त्याला मागची बाजू वाचायला सांगता येत नाही.

तुमची,
ताई

ता. क. – उरलेल्या पाचशेतून दोन विनोदी कार्डं घ्या. एक १९५९ चा ल्यू बर्डेट, थोडक्या पैशांत. हा स्पॅनच्याच टीममधला उजवा पिचर, पण फोटो काढणाऱ्याची फिरकी घ्यायला डावखुऱ्याचा ग्लव्ह घालून डाव्या हाताने बॉल टाकायच्या पवित्र्यात उभा राहिला. टॉप्सच्या ते लक्षात आलं नाही, आणि नावही चुकीचं छापलं. दुसरं १९५७ चं हँक आरन, हे जरा महाग, पण साध्या अवस्थेतलं बसेल. त्यात आरन डावखुरा बॅटिंग करताना दिसतो. आयुष्यात ७५५ होम रन त्याने उजव्या हातानेच मारले. काय झालंय ते मुलाला सांगू नका. शर्टावरचा आकडा वाचायला सांगा.